चाळिसावं उड्डाण

मित्रांनो, विमानतळावरच्या फिरत्या पट्ट्यावर चकचकीत बॅगांच्या गर्दीत एखादी मळकी तपकिरी बॅग दिसली, तिच्या मुठीला शेंदरी सुतळी गुंडाळलेली असली आणि अंगावर पोचे असले, तर खुशाल समजा की ती मीच. मला पाहून नाक मुरडणारे पुष्कळ भेटले. मुरडू देत. मी जेवढ्या गावांच्या धावपट्ट्यांवर उतरले, तेवढी गावं त्यांच्या चकचकीत बॅगांनी पाहिलीही नसतील.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. त्या दिवशी माझ्यासारख्या आणखी दोनशे जन्मल्या, तेव्हा त्यात सांगण्यासारखं काही नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते अमरावतीच्या जवाहर रोडवर. तिथल्या एका दुकानात मी छताला टांगलेली होते. एके दिवशी पन्नाशीच्या एक बाई आत आल्या. त्यांनी मला खाली काढायला लावलं, चारही चाकं फिरवून पाहिली, चेन पाच वेळा उघडून लावली आणि दुकानदाराला विचारलं, "चाकूनं फाटन तं नाही ना?"

दुकानदार दचकला. मीही दचकले.

बाईंचं नाव जयवंताबाई. अमरावती जिल्ह्यातल्या शेंदूरजनाघाटला त्यांची आणि त्यांचे यजमान महादेवराव यांची संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका आहे. जंबेरी लिंबाच्या रोपाची, म्हणजे खुंटाची साल चाकूने अलगद उकलायची, आत संत्र्याचा डोळा बसवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची, हे काम बाईंचे हात बोलता बोलता करून टाकतात. त्यांनी बांधलेलं कलम सहसा मरत नाही. ही ख्याती ऐकून एका फळबाग संस्थेने त्यांना दुसऱ्या राज्यांत शिकवायला बोलावलं. पंजाबात, आसामात, पार अरुणाचलच्या डोंगरांत. त्यांचा चाकू आणि कात्री विमानात हातात नेता येत नाही, म्हणून दोन्ही माझ्या पोटात. शेजारी ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या डोळकाड्या, म्हणजे असे डोळे असलेल्या संत्र्याच्या फांद्या. असं ओझं वाहण्यात मला अभिमान वाटायचा. आमच्या डोळकाड्यांची झाडं आता ब्रह्मपुत्रेच्या काठी उभी आहेत.

अशी दोन वर्षं गेली. मग तो जानेवारी आला.

आम्ही गुवाहाटीला होतो. अकोल्याहून बाईंच्या भावाचा, चंद्रभानचा फोन आला. त्यांची आई, मनकर्णाबाई, दवाखान्यात होती. "ताई, माय तुह्यं नाव घेऊन राहिली. लवकर निघ," एवढंच तो बोलला. बाई होत्या तशा निघाल्या. दिल्लीला विमान बदलून नागपूरला जायचं होतं. दिल्लीवर दाट धुकं उतरलं आणि नागपूरचं विमान रद्द झालं. मला पट्ट्यावरून परत घेऊन बाई विमान कंपनीच्या खिडकीपुढच्या रांगेत उभ्या राहिल्या. त्यांच्या पुढे फक्त एक माणूस होता. दुपारच्या विमानात नऊ जागा उरल्या होत्या.

"माही माय दवाखान्यात आहे. मुझे जाना पड़ेगा," बाई म्हणाल्या.

खिडकीतला तरुण वाईट नव्हता. त्याने मान वर केली आणि म्हणाला, "मॅडम, पहले कार्डवाले."

बाजूच्या लाल गालिच्यावरून एकेक जण आला, सोनेरी कार्ड दाखवून जागा घेऊन गेला. नऊच्या नऊ जागा गेल्या. बाई माझी मूठ धरून उभ्या होत्या.

आम्ही अकोल्याला पोचलो तिसऱ्या दिवशी. अंगणात माणसं बसली होती, पण माय घरात नव्हती. चंद्रभान म्हणाला, "दुपारपर्यंत थांबलो होतो, ताई." मला अंगणातच सोडून बाई आत गेल्या. मी तिथे उभी होते आणि येणारा-जाणारा मला ओलांडून जात होता.

तेरवी आटोपून घरी आल्यावर बाईंनी आपल्या मुलाला, अंकुरला विचारलं, "थे सोन्याचं कार्ड कसं भेटते?"

अंकुरने मोबाइलवर शोधलं. "एका वर्षात त्याच कंपनीचे चाळीस विमान उडा लागते, आई. एक जानेवारी ते एकतीस डिसेंबर. रद्द झालेलं धरत नाहीत. वर्ष सरलं की गिनती पुन्हा शून्य."

"चाळीस," बाई म्हणाल्या. "ठीक आहे."

"काय वं, येडी झाली का तू?" महादेवराव म्हणाले. "माय तं गेली. आता कार्ड घेऊन काय करतं?"

"मले कोणी म्हणावं का, आधी थे अन् मंग तुमी? मी पन्नास वर्षं ऐकलं. आता नाही ऐकत."

मित्रांनो, हट्ट असावा तर असा. त्या वर्षी संस्थेचं एकही बोलावणं बाईंनी नाकारलं नाही. पाठ दुखत होती तरी त्या गेल्या. श्रावणात गेल्या, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेल्या. तरीही डिसेंबर लागला तेव्हा चौतीसच उड्डाणं भरली होती आणि कामाची बोलावणी संपली होती. सहा कमी पडत होती.

बाईंनी ती सहा स्वतःच्या शिकवणीच्या पैशांतून काढायचं ठरवलं. जायचं आणि यायचं. गावात हसू झालं. "जयवंताबाईले इमानाचं याड लागलं," असं बाया म्हणू लागल्या. एकाने सुचवलं, अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून मुंबईला लहान विमान जातं, घराजवळ पडेल. पण ते दुसऱ्या कंपनीचं. ते मोजत नाहीत. म्हणून दर वेळी नागपूर गाठायचं. काम नसताना रिकामं कसं जायचं, म्हणून बाई माझ्यात संत्री भरायच्या. त्या मोसमातल्या आंबिया बहाराची, पातळ सालीची, गोड.

आणि नेमका त्याच महिन्यात विमानांचा गोंधळ उडाला. कधी वैमानिक कमी, कधी धुकं, कधी नुसतंच "तांत्रिक कारण". पाटीवर नावांपुढे लाल अक्षरं चढायची. आमची दोन उड्डाणं रद्द झाली. एकदा पुण्याला आम्ही सकाळपासून दुपार टळेपर्यंत अडकलो. लोक कर्मचाऱ्यांवर ओरडत होते, लहान मुलं रडत होती. बाईंनी मला जमिनीवर आडवं केलं, चेन उघडली आणि संत्री वाटायला सुरुवात केली. आधी मुलांना, मग म्हाताऱ्यांना, मग खिडकीत शिव्या खाणाऱ्या पोरीलाही एक.

"काकू, तुम्हाला राग नाही येत?" त्या पोरीने विचारलं.

"येते ना. पण तो तुह्यावर काऊन काढू? मी रागानंच तं उडून राहिलो."

एकतीस डिसेंबरला एकोणचाळीस झाली होती. सकाळी आम्ही मुंबईला उभ्या होतो. दुपारी मुंबई-नागपूर, ते चाळिसावं. मला तोलून आत पाठवलंही गेलं होतं. बाकीचं मला पुढे बाईंच्या तोंडूनच कळलं. ही गोष्ट त्यांनी रोपवाटिकेत इतक्या वेळा सांगितली आहे की आता मला पाठ आहे.

नागपूरचं विमान रद्द झालं. खिडकीतल्या मुलीने हात जोडले. "उद्या सकाळच्या विमानात बसवते, मॅडम."

"उद्या नाही जमत. आजच."

"आज नागपूर नाहीच. तुम्हाला तातडीने कुठे पोचायचंय का?"

"कुठीबी," बाई म्हणाल्या. "आज उडणारं जे असन त्यात बसवा."

नोकरीत त्या मुलीला असा प्रवासी पहिल्यांदाच भेटला असणार. तिने वरिष्ठाला बोलावलं. तो म्हणाला, मॅडम, असं करता येत नाही. बाईंनी काउंटरवर दोन्ही हात टेकले. "वर्षभर तुमी मले जिथं नेलं तिथं मी गेलो. तुमी बसा म्हटलं तं बसलो, उठा म्हटलं तं उठलो. आज एक दिवस मी सांगतो." शेवटी त्यांना छत्रपती संभाजीनगरच्या विमानात बसवलं. त्या दिवशी जागा असलेलं तेवढंच एक विमान उरलं होतं. उतरल्यावर बाई एसटीत बसल्या आणि अकोल्याला भावाकडे गेल्या. चाळीस पूर्ण झाली.

पण मित्रांनो, गडबडीत मी मुंबईलाच राहिले. बाईंचं उड्डाण मोजलं गेलं, मला कोणी मोजलंच नाही.

मला एका मोठ्या खोलीत टाकलं. तिथे माझ्यासारख्या शेकडो होत्या. कोणाची मूठ तुटलेली, कोणाची चिठ्ठी फाटलेली. माझं मागचं चाक कोणीतरी आपटून मोडलं. दिवस गेले, खोलीत कोणी येईना. ज्यांना कोणी विचारत नाही त्यांच्यात आपण जमा झालो, असं मला वाटू लागलं. तरी मी मनाशी म्हणायचे, सोडणाऱ्यातली नाही ती बाई.

आणि ती नव्हतीच. कार्डाचं पाकीट घरी आलं त्याच दिवशी बाईंनी कंपनीला पुन्हा फोन लावला. आता तिकडचा आवाज मधाळ झाला होता. "आपण आमच्या खास प्रवासी आहात. बॅग सापडत नाही, आम्ही भरपाई देतो."

"मले भरपाई नको. माही बॅग पायजे. माह्या सासूनं देल्लेला चाकू आहे त्याच्यात."

"मॅडम, हजारो बॅगा आहेत. कशी शोधणार?"

"त्यात वाटून उरलेली बारा किलो संत्री आहेत. आता सडली असतीन. वासावर शोधा."

त्यांनी खरोखर वासावरच शोधलं. नाकाला रुमाल बांधून दोन माणसं थेट माझ्यापाशी आली. घरी पोचले तेव्हा बाईंनी मला गरम पाण्याने घासलं, उन्हात उलटं टांगलं आणि अमरावतीला नेऊन नवं चाक बसवून आणलं. दुकानदार म्हणाला, यात नवी येते. बाई म्हणाल्या, "मले हीच पायजे."

जानेवारीच्या शेवटी आम्ही पंजाबहून परत येत होतो. पुन्हा दिल्ली, पुन्हा धुकं, पुन्हा नागपूरचं विमान रद्द. या वेळी मात्र खिडकीतून सगळ्यांत आधी आमच्या बाईंचं नाव पुकारलं गेलं. दुपारच्या विमानात पाच जागा होत्या. बाई लाल गालिच्यावरून चालत गेल्या. मी त्यांच्या मागे नव्या चाकावर ऐटीत.

तेवढ्यात शेजारच्या लांब रांगेतून फोनवरचा आवाज आला. "मी येऊन राहिली ना, बाबा. थांबा न जराक."

बाई थांबल्या. विशीतली मुलगी होती. नाव प्रणाली, गाव अकोला, दिल्लीत नोकरीला. वडिलांना सकाळी अतिदक्षता विभागात हलवलं होतं. एवढं ऐकून बाई खिडकीकडे वळल्या. "माही जागा या पोरीले द्या."

"मॅडम, ऐसे नहीं होता. आप छोड़ेंगी तो अगला कार्डवाला जाएगा."

त्यांच्यानंतर चौघांना जागा मिळाली होती. बाईंची सुटली की ती गालिच्यावर थांबलेल्या तीन कार्डवाल्यांपैकी एकाला जाणार. बाईंनी तिघांकडे पाहिलं. पहिला म्हातारा होता. त्याने काही न विचारता हाताने "जाऊ द्या" अशी खूण केली. दुसरा कोटातला माणूस. "मलाही काम आहे हो," तो म्हणाला.

"काम तं मलेबी आहे. माहं उद्यापर्यंत थांबते. तुमचं थांबते का, पाहा."

त्याने मोबाइलवर उद्याचं विमान पाहिलं. मग बाजूला झाला. तिसरी एक बाई होती, चाळिशीची, थकलेली. ती म्हणाली, "मी का सोडू? मीही वर्षभर उडलेय या कार्डासाठी."

"खरं आहे," जयवंताबाई म्हणाल्या. "तुमच्या हक्काचं आहे. मी काऊन उडलो तेवढं ऐका." आणि त्यांनी सांगितलं. नऊ जागा, लाल गालिचा, तिसरा दिवस, अंगण. चार वाक्यांत संपलं. त्या बाईने काउंटरवर ठेवलेलं आपलं कार्ड उचललं, पर्समध्ये टाकलं आणि ती मागे जाऊन बसली.

खिडकीतल्या माणसाने प्रणालीचं नाव टाइप केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दिल्लीतच होतो तेव्हा फोन आला. "काकू, भेट झाली. बाबानं वळखलं मले." बाईंनी फोन ठेवला आणि पदराने डोळे पुसले. वर्षभरात मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं.

घरी महादेवराव म्हणाले, "वर्षभर उडून कार्ड कमावलं, अन् जागा देऊन टाकली?"

"माही होती, म्हणून देता आली," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तू मोडल्या तर दुरुस्त करा. हरवल्या तर शोधा. भरपाई घेऊन गप्प बसू नका. माणसांचंही तसंच करा. कोणी हसलं तर हसू द्या. वर्ष बदललं, गिनती पुन्हा शून्यापासून सुरू झाली आहे. उद्या सकाळी आम्ही आसामला निघतोय. या वर्षीचं हे पाचवं उड्डाण.