सरपंचबाईचं ग्रीन कार्ड

सातबाऱ्यावर एकदा नाव लागलं की लागलं. वावर पडीक पडो, नाहीतर मालक पुण्याला जाऊन राहो, नाव काही आपोआप पुसलं जात नाही. कमलबाईला वाटलं, अमेरिकेच्या ग्रीन कार्डाचंही तसंच असणार. कायमच्या रहिवाशाचं कार्ड म्हणतात ना? मग कायमचं म्हणजे कायमचं, त्यात आणखी काय विचारायचं! म्हणून पुतणीचं ते कार्ड तिनं लोखंडी पेटीत, स्वतःच्या लग्नाच्या शालूखाली ठेवलं, वर कुलूप घातलं आणि बिनघोर राहिली. चूक कुणाची म्हणायची? तिला तर जपून ठेवलं की वस्तू टिकते एवढंच ठाऊक.

पुतणी म्हणजे निकिता. कमलबाईच्या धाकट्या दिराची, महारुद्रची एकुलती एक लेक. महारुद्र अमेरिकेला गेला तेव्हा ही अंगणवाडीत नाक पुसत होती. तिथं ती चौथीत असताना साऱ्या घराला ग्रीन कार्ड मिळालं. शाळा तिथं, कॉलेज तिथं, पण घरात आईबापांची बोली परभणीची, त्यामुळं पोरगी 'लय' म्हणायची ती अगदी सोनपेठच्या बाजारात म्हणतात तशी. मग एक दिवस महारुद्र बसल्या जागी गेला. अस्थी गंगाखेडलाच गोदावरीत सोडायच्या, असं तो जिवंतपणी म्हणायचा. आईला नोकरी सोडून निघता येईना, म्हणून निकिता एकटी त्या घेऊन आली. थोड्या दिवसांसाठी आली होती बिचारी.

तेवढ्यात कोरोना आला आणि विमानं बंद झाली. विमानं सुरू होतात न होतात तोवर कमलबाई न्हाणीत घसरली आणि मांडीचं हाड मोडून बसली. तिचा नवरा भुजंग म्हणजे वावरातला वाघ, घरात मात्र त्याला चहाची पातेली सापडायची नाही. लेकरूबाळ नव्हतं. कमलबाईला उठवायचं, बसवायचं, वेणी घालायची, सगळं निकितानं केलं. सख्ख्या लेकीनं नसतं केलं असं केलं. वर्ष उलटून गेलं ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

आणि मग गावानं घोळ घातला. सरपंचपद बायांसाठी सुटलेलं. गावात पार्ट्या दोन, एक पंडितरावाची, एक आश्रुबाची. दोघांनाही आपापली सून बसवायची होती आणि गोष्ट डोकी फुटायवर आली होती. तेव्हा पारावरचा कुणीतरी शहाणा म्हणाला, "ती अमेरिकेची पोरगी कुणाच्याच पार्टीत न्हाई की!" झालं. दोघं हाडवैरी हातात हात घालून भुजंगच्या दारात. हार आधी घातला, विचारलं मागून. "नावापुरती बस माय, लगेच दुसरं कुनीतरी बघू." वडीलधाऱ्यांना नाही कसं म्हणायचं, म्हणून निकिता बसली, अर्जावर सही केली, आणि बिनविरोध सरपंच झाली.

नावापुरती बसली ती मग चांगलीच बसली. नळाची लाइन आणली, शाळेत पोरींसाठी संडास बांधले, पंडितराव आणि आश्रुबाला एका सतरंजीवर बसवून दाखवलं. कमलबाई तर काठी टेकत अशी मिरवायची, जशी काही तीच निवडून आली होती.

या पावसाळ्यात अमेरिकेहून फोन आला. भक्तीची, म्हणजे निकिताच्या आईची, दोन्ही मूत्रपिंडं बसली होती. एकाआड एक दिवस डायलिसिस, आणि घरी पाणी द्यायलाही कुणी नाही. निकितानं रडत रडत पेटी उघडली, शालूखालचं कार्ड काढलं आणि पुण्याच्या वकीलबाईंना फोन लावला.

"वर्षापेक्षा जास्त बाहेर राहिलात," वकीलबाई म्हणाल्या, "कार्ड चालणार नाही."

कमलबाई शेजारीच होती. वावर पडीक ठेवलं की नाव जातं, असा हा कायदा! आईनं नव्यानं अर्ज भरला तर नंबर लागायला कित्येक वर्षं जाणार, आणि भक्तीजवळ तेवढी वर्षं होती कुठं? एकच वाट उरली होती. मुंबईला अमेरिकेच्या वकिलातीत जाऊन पटवायचं, की मनात कायम परत जायचंच होतं, पण हाताबाहेरच्या कारणांनी अडकले.

"विमानं बंद होती, हे मानतील," वकीलबाई म्हणाल्या. "काकूंचं हाड, तेही मानतील. पण सरपंच? अडकलेला माणूस निवडून कसा येतो?"

ह्याचं उत्तर कमलबाईजवळ होतं.

पुढच्या ग्रामसभेत ती काठी आपटत उभी राहिली. "तुमीच ह्या लेकराला बसवलं. आता तसंच लिहून द्या."

आश्रुबा उखडला. "आमी मान दिला, वहिनी! त्याला आता गुन्हा म्हनायचं का?"

"मान दिला. पर हार घालायच्या आधी इचारलं होतं का तिला? तिची माय तिकडं मरायलीय, अन् तुमाला मानाची पडलीय व्हय?"

पंडितराव खाकरला. "न्हाई इचारलं. खोटं कामून बोलायचं?"

एकदा बांध फुटला म्हटल्यावर काय! ज्याला त्याला आपलाच गुन्हा मोठा. एक म्हणाला, मी ढोल वाजवला. दुसरा म्हणाला, मी गुलाल टाकला. पार्वतीबाई म्हणाली, "अन् मी तिच्या चपला लपवल्या, पळून जाऊ ने म्हनून!" हे धादांत खोटं होतं, पण सभा पोट धरून हसली. ग्रामसेवकानं ठराव लिहिला : निकिताताईंना गावानं डांबून सरपंच केलं.

"अध्यक्षांची सही लागते," तो म्हणाला, आणि त्यानं कागद निकितापुढं सरकवला. ग्रामसभेची अध्यक्ष म्हणजे सरपंच. म्हणजे तीच!

निकिताचे डोळे भरून आले. "मला कुणी डांबलं नव्हतं. ह्याच्यावर सही कशी करू?"

आश्रुबा आता मवाळ झाला होता. "पहिल्या दिशी जबरदस्ती केलीच होती, पोरी. मागून तुला गोडी लागली, त्याला आमी काय करावं?"

तिनं 'डांबून' हा शब्द खोडला, वर 'न विचारता' लिहिलं आणि सही केली.

परभणीहून मुंबईच्या गाडीत कमलबाईला डोळा लागला नाही. दोन दिवसांपासून तिचं एकच चाललं होतं. देवापुढं हात जोडले की तोंडातून निघायचं, पोरीचं काम होऊ दे. आणि पोटात कुणीतरी हळूच म्हणायचं, नको होऊ दे. मेली मी स्वार्थी, असं स्वतःला म्हणून ती पुन्हा हात जोडायची.

वकिलातीत फोन चालत नाही, सोबतचं माणूस चालत नाही. पिशवी मांडीवर घेऊन कमलबाई समोरच्या फुटपाथवर बसली. ऊन चढलं, चहावाल्यानं दोनदा विचारलं, तिनं दोनदा नको म्हटलं. शेवटी निकिता बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"बोल की गं! जीव टांगणीला लावू नको."

"साहेबानं ठराव वाचला. म्हणाला, ज्यांनी न विचारता बसवलं, तेच आता सोडायला कसे तयार झाले? मी म्हणलं, माझी आई आजारी हाय हे त्यांना कळलं म्हणून. मग म्हणाला, नंतर तुम्हाला ते काम आवडलं का? मी हो म्हणलं. खोटं बोलवेना, काकू."

"अगं देवा! मंग?"

"बराच वेळ कागद चाळत बसला. मग मान्य केलं. डॉक्टरी तपासणी झाली की जाता येईल."

कमलबाईनं पोरीच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. खरंच आनंद झाला तिला. भक्तीजवळ आता कुणीतरी असणार होतं. आणि त्याच घडीला तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

पिशवीतला फोन वाजला. आश्रुबा होता. "काय झालं, वहिनी?"

"झालं काम. जायलीय आपली पोरगी."

तिकडून पंडितरावाचा आवाज आला, "चांगलं झालं, लय चांगलं झालं." त्याच्यामागं कुणीतरी नाक ओढलं आणि फोन कट झाला.

दोघी स्टेशनच्या दिशेनं निघाल्या. निकितानं तिची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली.

"काकू, एक विचारू? पंडितकाका म्हणले थांब, आश्रुबाकाका म्हणले थांब, पार्वतीबाई तर रडल्या. इतक्या वर्षांत तू एकदाबी म्हणली न्हाईस. कामून?"

कमलबाई चालता चालता थांबली. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"मी म्हनले असते तर तू थांबली असतीस, माय."