कोरी कुपी

झिंक सल्फाइडचे अतिसूक्ष्म स्फटिक जांभळ्या टॉर्चखाली निळसर दिसतात. ते तयार करताना त्यात चिमूटभर मँगनीज मिसळलं की तोच उजेड नारिंगी होतो. गोंदियाच्या कॉलेजात संध्या यावरच संशोधन करत होती. तुलनेसाठी एक कुपी मँगनीज न घालता कोरी ठेवायची, एवढं साधं काम.

कोरी कुपीही नारिंगी उजळली.

भांडी नीट धुता येत नाहीत का, म्हणून हेमेंद्र सरांनी झापलं. तिने सगळं पुन्हा केलं, तरी उजेड तोच. मग तिला पाणी आठवलं. कॉलेजचं डिस्टिल्ड पाण्याचं यंत्र बिघडलं म्हणून तिने तिरोड्याजवळच्या आपल्या गावातून घरच्या विहिरीचं पाणी कॅनमध्ये आणलं होतं. त्या पाण्याचं कौतुक ऐकतच ती वाढली होती. एम.एस्सी. झाली म्हणून काय झालं, घरच्या विहिरीवर कोण संशय घेतो? सरांनी विकतचं डिस्टिल्ड पाणी आणायला लावलं, कोरी कुपी निळी झाली आणि सरांपुरता विषय संपला.

संध्याचा संपला नाही. ती विहीर तिच्या बापाने, मनिरामने, स्वतः खणलेली. अख्खा मोहल्ला तिथे पाणी भरायचा आणि मनिराम मिशीला पीळ द्यायचा. वहिनी तान्ह्या रिंकूचं पावडरचं दूध त्याच पाण्यात कालवायची. पाण्यात मँगनीज जास्त असलं तर तान्ह्या लेकराच्या मेंदूला बाधू शकतं, हे संध्याने वाचलं होतं. तिला भीती वाटली. बापाची त्याहून जास्त वाटली.

रविवारी गावी जाऊन तिने खोलीचं दार लावून घेतलं, दोन्ही कुप्यांवर टॉर्च धरला आणि बापाला सगळं सांगितलं. मनिराम भडकला.

"तुले याच पाण्यानं मोठं केलं. तुले काऊन काही झालं नाही?"

"मी मायच्या दुधावर होती, बाबा. रिंकू या पाण्यावर आहे."

निळी कुपी कुठल्या पाण्याची, एवढंच त्याने विचारलं. मग तो बाहेर गेला. विहिरीवर शेजारची चमेली बादली सोडत होती. आता मोहल्ल्याला आपल्यालाच सांगावं लागणार, असं धरून संध्या त्याच्या मागे निघाली. मनिरामने चमेलीच्या हातातला दोर काढून घेतला आणि तपासणी होईपर्यंत हे पाणी कोणी पिऊ नये, असं सांगितलं. चमेली हसली. या विहिरीला नाव ठेवायची हिंमत कोणाची, असं तिने विचारलं.

"माह्या पोरीची," मनिराम म्हणाला.