वाळेपर्यंत बोलायचं नाही

लेप हनुवटीखाली उतरवायचा की तिथेच थांबायचं, या विचारात बरंताई आरशासमोर उभी असतानाच दाराची बेल वाजली. रविवारची दुपार होती. अर्धा चेहरा पांढरा झाला होता, अर्धा अजून तिचा स्वतःचा होता. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात पावाला लोणी लावायला आणलेला नवा ब्रश. बेल पुन्हा वाजली. बेल वाजत ठेवणं तिला जन्मात जमलं नव्हतं. पण अर्धाच लेप लावून थांबलं तर एक गाल आधी वाळतो आणि दुसरा ओढला जातो, असं तिला बजावून सांगितलं गेलं होतं. तिने उरलेला चेहरा भराभर सारवला आणि जाऊन दार उघडलं.

दारात मोठा भाऊ होता. त्याच्यामागे वहिनी, वहिनीच्या मागे धाकटी बहीण. संध्याकाळी येतो म्हणालेली माणसं भर दुपारीच उगवली होती.

"अगं बाई!" म्हणत वहिनी एक पाऊल मागे सरकली, ती धाकटीच्या पायावर.

"काय झालं गं? भाजलं की काय?" दादा म्हणाला.

बरंताईने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. वाटी दाखवली, गाल दाखवला, ओठांवर बोट ठेवलं.

धाकटी खो-खो हसायला लागली. "फेस मास्क आहे तो, दादा. घरीच केलेला दिसतोय. वाळेपर्यंत बोलायचं नसतं, भेगा पडतात."

"या वयात?" दादाने आत येऊन त्यातल्या त्यात चांगली खुर्ची पकडली. "ठीक आहे. तू ऐक, मी बोलतो. नाहीतरी तुला कुठे काय बोलायचं असतं!"

तो काही खोटं बोलत नव्हता. सगळी पंचाईत तीच होती.

बरंताई हे नाव तिला पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात पडलं होतं. तिथे ती तक्रारीच्या खिडकीवर बसायची. नळाला गढूळ पाणी येतंय, बिल दुप्पट आलंय, रस्ता खणून ठेवलाय आणि कोणी फिरकत नाही, असं कोणीही काहीही ओरडत आलं की ती म्हणायची, "बरं." माणूस जरा खाली यायचा. पुन्हा चढायचा, पुन्हा "बरं". आणखी एखाद्या 'बरं'नंतर तो स्वतःच रुमालाने कपाळ पुसायला लागायचा. मग ती त्याची तक्रार लिहून घ्यायची आणि तिचा पिच्छा असा पुरवायची, की दुरुस्तीवाले तिला चुकवायला मागच्या दाराने ये-जा करत. खिडकीत तो शब्द सोन्यासारखा चालायचा. घोटाळा एवढाच होता, की घरी येताना ती तो तिथे ठेवून येत नसे.

शेजारणीच्या कुंड्या तिच्या गॅलरीत आल्या, "बरं." दुसऱ्यांच्या सुट्टीतलं काम तिच्या गळ्यात पडलं, "बरं." दादाचं जुनं लोखंडी कपाट चार दिवसांसाठी म्हणून आलं, "बरं." ते कपाट आल्यापासून आतल्या खोलीचं दार अर्धंच उघडत होतं आणि बरंताई रोज अंग चोरून, आडवी होऊन आत जात होती. नवरा होता तेव्हा तो येता-जाता त्या कपाटाला शिव्या घालायचा. एकदा तर रागाने पायातली चप्पल भिरकावली होती. ती कपाटाच्या वरून मागे पडली ती पडलीच, आणि त्याला नवीन जोड घ्यावा लागला. आता तो नव्हता, मूलबाळ नव्हतं. कपाट होतं.

आणि काल, शनिवारी, साहेबांनी तिला आत बोलावून विचारलं होतं, "तक्रार विभाग सांभाळाल का? विभागप्रमुख म्हणून. सोमवारी सांगा." जन्मभर ज्याला त्याला "बरं" म्हणत आलेली ही बाई नेमकी त्या प्रश्नाला म्हणाली, "विचार करून सांगते."

"विचार?" शेजारच्या खिडकीवर बिलाचे पैसे घेऊन पावत्या देणारी तिची मैत्रीण हे ऐकून किंचाळलीच. हिला सगळे पावतीवाली म्हणत. "विचार करायला तुला आजच सुचलं होय?"

"दादा येणारेय उद्या. त्याने गेस्टहाऊस काढलंय ना, तिकडे ये म्हणतोय नोकरी सोडून. घरचं माणूस हवं म्हणे."

"मग नाही म्हण."

"तो बोलायला लागला की तोंडातून आपोआप निघतं गं. मला कळायच्या आत निघतं."

"तुला काय हवंय पण?"

बरंताईने काचेच्या दारापलीकडे पाहिलं. विभागप्रमुखाच्या खोलीत टेबलावर फोन होता. त्या फोनवरून थेट दुरुस्तीवाल्यांच्या मुकादमाला झापता येत असे. "मला ती खोली हवीय," ती म्हणाली आणि लाजली.

पावतीवालीने तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि खणातून एक पुडी काढली. "ही माती घे. चेहऱ्याची काय दशा करून घेतलीयस, भिंतीसारखे पोपडे सुटलेत. ट्यूब-बीब आणू नकोस, त्यात नुसता वास असतो. यात चमचाभर मध घाल, थोडं दही, आणि अंड्याचा पांढरा बलक चांगला फेसून घाल. पिवळा घालशील तर ऑम्लेट होईल. जाडसर लाव. आणि वाळेपर्यंत बोलायचं नाही, हसायचं नाही. त्या खोलीत जाशील तर जरा उजळून जा."

तर असा तो लेप आता वाळायला लागला होता. आधी गार वाटला, मग कपाळ कोणीतरी हलकेच मागे ओढतंय असं वाटायला लागलं. बरंताई हात मांडीवर ठेवून समोर बसली.

"हे बघ बाळ," दादाने सुरुवात केली. पन्नाशी उलटलेल्या बहिणीला तो अजून बाळ म्हणायचा, विशेषतः काम असलं की. "गेस्टहाऊस स्टेशनला लागून आहे. गिऱ्हाईक तुटून पडतंय. उद्या ऑफिसात जायचं, राजीनामा द्यायचा, आणि सामान बांधून तिकडे यायचं."

इथे तो थांबला. इथे "बरं" यायचं असतं. आलं नाही.

"तुला तळमजल्यावरची खोली देईन. जरा ओल आहे, पण स्वतंत्र आहे." तो पुन्हा थांबला. "म्हणजे तशी फार नाही ओल. पंखा लावला की वाळते."

पांढरा चेहरा त्याच्याकडे बघत राहिला. दादाच्या वाक्यांना तिच्या 'बरं'चा टेकू लागायची सवय होती. टेकू काढल्यावर ती आपोआप घरंगळायला लागली.

"आधीची बाई सोडून गेली. पहाटे उठून नाश्ता करायचा म्हणजे लोकांच्या जिवावर येतं. आणि चादरी धुवायच्या. त्यात काय एवढं?"

"चादरींना वेगळी बाई ठेवणार होतात ना?" वहिनीने मध्येच विचारलं.

"ठेवणार होतो. पण आता ही आहे ना."

"म्हणजे स्वयंपाकही वन्संनी करायचा, चादरीही वन्संनी धुवायच्या? हे मला नव्हतं सांगितलंत."

"मग तू धुतेस?"

"मी कशाला धुवू? मी त्या गेस्टहाऊसात पाऊल टाकणार नाही हे पहिल्याच दिवशी सांगितलंय!"

"म्हणूनच तर आलो ना इथे!" दादा म्हणाला.

"आणि आधी मलाही विचारून झालं होतं त्याचं," धाकटी म्हणाली. "मी सरळ नाही म्हणून टाकलं."

बरंताईचे डोळे लेपाच्या आत मोठे झाले. धाकटीलाही विचारलं होतं? आणि धाकटी नाही म्हणाली? तिने बहिणीकडे पाहिलं. ती मजेत पाय हलवत खारे दाणे खात होती. पुडी दादानेच येताना घेऊन दिली असणार, लहानपणापासून तो तिला घेऊन द्यायचा तशी. म्हणजे ही दादाला तोंडावर नाही म्हणाली, दादा थोडे दिवस घुश्श्यात राहिला असेल, आणि आता गाडीत शेजारी बसवून, दाणे घेऊन देऊन हिला घेऊन फिरतोय. आभाळ कोसळलं नाही. कोणाचं काही बिघडलं नाही.

इतकं सोपं होतं? बरंताईला आधी हसू आलं, ते तिने कसंबसं आवरलं तरी ओठाच्या कोपऱ्यात बारीकशी भेग पडलीच. मग वाईट वाटलं. वहिनी नाही म्हणाली, धाकटी नाही म्हणाली, कामाची बाई तर पळूनच गेली. आणि सगळ्यांचं नाही म्हणून झाल्यावर जी उरते ती आपण. मग राग आला. राग येण्याची तिला फारशी सवय नव्हती, त्यामुळे तो नक्की कुठे ठेवायचा हे तिला कळेना. तरी ती गप्प राहिली. गप्प राहिलं की आज सुटका आहे, असा तिचा समज होता.

दादाने मांडीवर थाप मारली. "चला, ठरलं तर मग."

"अहो, काय ठरलं? त्या काही बोलल्याच नाहीत," वहिनी म्हणाली.

"नाही म्हणाली का? नाही म्हणाली नाही, म्हणजे झालं. ती कधी नाही म्हणते?" त्याने खिशातून फोन काढला. "मॅनेजरला कळवून टाकतो, या आठवड्यात नाश्ता चालू."

बरंताई ताठ झाली. म्हणजे बोललं काय आणि नाही बोललं काय, दादाच्या लेखी सारखंच. तोंडातून 'बरं' बाहेर न पडताही तिचं "बरं" म्हणून झालं होतं. तिकडे काचेच्या दारामागची खोली, तो फोन, सगळं तिच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या कोणाचं तरी व्हायला लागलं. दादाने फोन कानाला लावला. लेप आता कडक झाला होता. ओठ हलवले तर सगळी मेहनत वाया जाणार होती. जाऊ दे वाया, असं तिच्या मनात आलं.

"नाही," बरंताई म्हणाली.

नाकापासून हनुवटीपर्यंत लेपाला तडा गेला आणि एक मोठा तुकडा तिच्या मांडीवर पडला.

दादाने फोन खाली घेतला. "काय म्हणालीस?"

"नाही. मी येणार नाही. नोकरी सोडणार नाही." दर शब्दाला एक एक कपची सुटत होती आणि तिला ते फार आवडत होतं, म्हणून ती आणखी बोलली. "साहेब मला विभागप्रमुख करतायत. मी उद्या होकार देणार आहे. माझी वेगळी खोली असेल. त्या खोलीत ओल नाही."

धाकटीला दाण्याचा ठसका लागला. "विभागप्रमुख? आणि सांगितलं नाहीस?"

"विचारलं कोणी?"

"अगं, पण मी सगळ्यांना सांगून बसलोय त्याचं काय!" दादाचा आवाज चढला. असा चढलेला आवाज बरंताई रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऐकत असे. तिला माहीत होतं की तो थोड्या वेळाने खाली येतो. फक्त आज तिने त्याला खाली यायला मदत केली नाही.

"मग परत सांग," ती म्हणाली.

"मोठा भाऊ आहे मी तुझा."

"आहेसच. म्हणून तर तोंड धुवायलाही न उठता सगळं ऐकून घेतलं." कपाळावरची शेवटची कपची तिने स्वतःच नखाने सोडवली. "आणि ते कपाट घेऊन जा."

"कुठलं कपाट?"

तिने नुसतं बोट दाखवलं. दादा कपाटाकडे बघत राहिला. ते आपलं आहे हे तो पार विसरून गेला होता.

वहिनी खुर्ची पुढे ओढत म्हणाली, "वन्सं, वाटीत उरलंय का हो थोडं?"

"अगं, निघायचंय आपल्याला!" दादा म्हणाला.

पण धाकटीने ब्रश हातात घेतलाही होता. वहिनीचे गाल झाले, कपाळ झालं, उरलंसुरलं धाकटीने स्वतःच्या नाकाला फासलं. दादाने दोघींना आळीपाळीने काय काय विचारलं. दोघींनी ओठांवर बोट ठेवलं. शेवटी तो एकटाच गॅलरीत जाऊन शेजारणीच्या कुंड्यांशी बोलल्यासारखा फोनवर बोलत राहिला, आणि त्यात टेम्पोची चौकशी होती, हे आत बसलेल्या तिघींनीही ऐकलं.

सोमवारी साहेबांनी विचारलं, "मग?"

"हो," ती म्हणाली. आवाज जरा मोठाच झाला. साहेबांनी दचकून चष्मा सारखा केला.

बाहेर आल्यावर पावतीवालीने तिला उजेडात उभं केलं, हनुवटी धरून चेहरा इकडून तिकडे वळवला. "कानामागे माती तशीच आहे. धुतलं नाहीस नीट?"

"घाईत होते. दादा लवकर आला."

"आणि लेप लावून बोलत बसलीस? तरी मी सांगितलं होतं! फुकट गेला की नाही सगळा?"

"गेला ना," बरंताई म्हणाली आणि इतकी हसली, की रांगेतली माणसं वाकून बघायला लागली.

"पण तेज चढलंय मात्र चेहऱ्यावर," पावतीवाली जरा कोड्यात पडून म्हणाली.

संध्याकाळी टेम्पोवाल्या दोन माणसांनी कपाट कुरकुरत खाली नेलं. जिना शांत झाल्यावर बरंताईने आतल्या खोलीचं दार ढकललं. ते उघडत गेलं, उघडत गेलं आणि भिंतीला जाऊन टेकलं. ती सरळ आत गेली. बाहेर आली, पुन्हा सरळ आत गेली. हे बघायला नवरा हवा होता, असं तिला फार वाटलं.

मग ती झाडू घेऊन आली. कपाटाच्या जागी धुळीचा चौकोन होता आणि धुळीत नवऱ्याची ती चप्पल पडली होती. तिने ती झटकली, ओल्या फडक्याने पुसली, अंगठा नीट केला, आणि बाहेरच्या दारापाशी आपल्या चपलांशेजारी नेऊन ठेवली.