दोरीवरचा हिरवा शर्ट

सकाळपासून रेडिओवर माझ्या लेकीच्या नावाने शिमगा चालला होता. आमची ऑरला उद्यापासून इथे उत्तर आयर्लंडात न्यूरी जिल्ह्याची पोलीसप्रमुख होणार. एक पुढारी म्हणाला, "कॅथलिक म्हणून खुर्ची मिळाली." दुसरा म्हणाला, "स्वतःच्याच लोकांशी गद्दारी." आम्हा कॅथलिकांत पोलीस म्हणजे परक्या ब्रिटिश सरकारची माणसं. शांतता करार होऊन एवढी वर्षं झाली, पण मेल्यांच्या जिभेला काही हाड नाही.

त्याच तिरमिरीत मी कपडे धुतले, परसात वाळत घातले आणि आत येऊन चहा टाकला. सहज खिडकीतून पाहिलं, तर उशीच्या अभ्र्यांशेजारी तिचा गणवेशाचा हिरवा शर्ट फडफडतोय!

बावीस वर्षं ते शर्ट मी स्वयंपाकघरात, पडदे ओढून वाळवलेत. गल्लीला सांगितलंय, पोरगी नगरपालिकेत आहे. दर रविवारी ती धुणं टाकायला नि जेवायला येते आणि निघताना बॉम्ब नाही ना म्हणून गाडीखाली वाकून बघते. कुणी विचारलंच तर मी म्हणते, कानातलं पडलं.

धावत परसात गेले. अभ्रे होते, शर्ट नव्हता.

"हाच शोधतेस ना?" कुंपणापलीकडे शेजारची फिलोमिना उभी होती, शर्ट हातात घेऊन. हिचा नवरा एक्क्याऐंशी साली पोलिसांच्या गोळीने गेला.

"भाच्याचा आहे गं तो," मी म्हटलं.

"पुरे बाई. बावीस वर्षं पडतायत, एवढी कानातली सोनाराकडेसुद्धा नसतील."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. आजवर कुणी बोललं नाही. पण आता ती प्रमुख होतेय." तिने आवाज खाली आणला. "काल तो करार न मानणाऱ्यांपैकी दोघं आले होते. रविवारी ती किती वाजता येते, विचारत होते."

"मग?"

"म्हटलं, मला काय माहीत! हे बघ, त्या खात्याला मी मरेपर्यंत माफ करणार नाही. पण लहानपणी चर्चमधल्या तिच्या पहिल्या कम्युनियनचा झगा मी शिवलाय." शर्ट माझ्या हातात कोंबून ती आत निघून गेली.

मी तिथूनच फोन लावला.

"आई, रविवारी मटण कर हं," ऑरला हसत म्हणाली. "आता साहेबीण येणार तुझ्याकडे!"

"येऊ नकोस," मी म्हटलं. "या रविवारी नको, आणि पुढच्याही नको."

ती "बरं" म्हणाली. कारण विचारलं नाही, पोलीसच ती.

शर्ट अजून ओला होता. मी तो पुन्हा दोरीवर टाकला आणि नीट चिमटे लावले.