दोषाचा रकाना

"आता मी त्या निवासाची मेट्रन आहे असं समज," मिस्त्री म्हणाले आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर पाठ ताठ करून बसले. "सांगा आजी, आज वार कोणता?"

ऑपरेटरबाईंनी चहाचा कप खाली ठेवला, छताकडे पाहिलं आणि पुरेसा वेळ घेऊन म्हणाल्या, "सोमवार?"

"अगं, सोमवार काल झाला. त्याच्यापुढे काय येतं?"

"येतं खरं काहीतरी," बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला आणि खिशातल्या वहीत लिहिलं. तेवीस तारीख. सोमवार म्हणाली. चूक. मंगळवार. चाळीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती केलेला माणूस. तपासणीच्या कार्डावर दोषाचा रकाना भरल्याशिवाय त्यांना घास गिळवत नसे. महिनाभर ते बायकोचं कार्ड भरत होते.

बाईंना आतून हसू फुटत होतं. एका मोठ्या कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर त्यांनी पस्तीस वर्षं काढली होती आणि तिथले सगळे आतले नंबर आजही त्यांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले असते. विसरत होते ते मिस्त्री. जिन्यात मध्येच उभे राहून आपण वर निघालोय की खाली याचा विचार करायचे. एकदा जुन्या गिऱ्हाइकाच्या इमारतीत जाऊन मशीनखोलीची किल्ली मागून आले, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली असताना. "तुम्ही हल्ली विसरता," असं बाईंनी एकदाच म्हणून पाहिलं होतं. मिस्त्री चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी, आपण का रागावलो होतो तेच विसरल्यामुळे, बोलायला लागले.

पण हे असंच सोडून देण्यासारखं नव्हतं. मुलीने बोलावलं होतं, मनापासून बोलावलं होतं, पण तिच्या घरात रात्री सोफा उघडल्यावर दार उघडत नसे. दोघांनी वृद्धांच्या निवासात जायचं ठरवलं होतं. तिथला नियम सरळ होता. आत येताना जो चालता-फिरता असेल आणि ज्याची आठवण शाबूत असेल तो पहिल्या श्रेणीत, आणि पुढे त्याला भरवावं लागलं तरी दर तोच राहणार. येतानाच लक्ष ठेवावं लागणारा दुसऱ्या श्रेणीत, जवळपास दुप्पट दराने. फ्लॅटचे पैसे आणि दोन पेन्शनी मिळून दोघं पहिल्या श्रेणीत, गॅलरीच्या खोलीत, नव्वदीपर्यंत सुखाने बसत होते. एकाची जरी श्रेणी घसरली तरी पैसे ऐंशीतच संपणार होते, आणि नंतर कुणाला कुठे जावं लागेल हा विचार बाईंना नको होता.

म्हणून बाईंनी स्वतःच विसरायला सुरुवात केली. मिठाच्या डब्यात साखर ओतली, एका सकाळी तीनदा वार विचारला, आणि मिस्त्री बरोब्बर गळाला लागले. बायकोला शिकवणं हा त्यांचा लग्नापासूनचा आवडता उद्योग होता. वार, तारीख, पत्ता, मुलीचा फोन नंबर, सकाळ-संध्याकाळ उजळणी. शिकवता शिकवता त्यांचं स्वतःचंच सगळं घोटून पाठ झालं. बाईंना दुसरं काही नको होतं.

त्याच दिवशी दुपारी निवासाची लिफ्ट वर येताना अशी कण्हली की बाईंना तिचीच श्रेणी विचारावीशी वाटली. मिस्त्रींनी दाराला कान लावला. "रूळ कोरडे पडलेत. तेल मागतेय बिचारी."

मेट्रनबाई चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या, ठेंगण्या आणि घाईत असलेल्या होत्या. त्यांनी सांगितलं की लिफ्टला लागून असलेली खोली या आवाजापायी दोन वर्षं रिकामी आहे, निम्म्या भाड्यात देऊ केली तरी कुणी घेत नाही.

मुलाखत आधी मिस्त्रींची झाली. त्यांनी वार सांगितला, तारीख सांगितली, पत्ता पिनकोडसह सांगितला आणि कुणी विचारायच्या आत मुलीचा फोन नंबरही सांगून टाकला. मेट्रनबाईंनी कौतुकाने मान हलवली आणि पहिल्या श्रेणीवर खूण केली. बाईंच्या जिवात जीव आला.

मग बाईंची पाळी. आता सोंगाची गरज संपली होती. त्यांनी सगळी उत्तरं न अडखळता दिली आणि वर, "यांनीच शिकवलं," असं म्हणून नवऱ्याला श्रेयही देऊन टाकलं. मेट्रनबाई खूण करणार इतक्यात मिस्त्रींनी खिशातून वही काढली.

"थांबा, मेट्रनबाई. आज जमलं तिला, पण रोज जमत नाही. हे बघा."

"अहो, ठेवा ती वही," बाई म्हणाल्या.

"असं कसं? लिफ्टचा दोष लपवला की ती कधीतरी माणसं घेऊन पडते. माझ्या हातची एक लिफ्ट पडलेली नाही ती का? सगळं लिहिलेलं असायचं म्हणून. उद्या तुला काही झालं, आणि यांना ठाऊकच नसलं तर?"

त्यांचा आवाज जरा हलला. बाईंना रागही आला आणि डोळ्यांत पाणीही आलं. महिनाभराचं सोंग या माणसाने इतकं नीटनेटकं लिहून ठेवलं होतं की आता ते खोटं आहे म्हणून सांगायची सोय नव्हती. सांगितलं तर का केलं तेही सांगावं लागलं असतं, आणि ते या परक्या खोलीत, नवऱ्याच्या तोंडावर. नव्वदीचा हिशेब बाईंनी मनातल्या मनात मोडला.

"लिहा मला दुसऱ्या श्रेणीत," त्या म्हणाल्या.

मेट्रनबाई वही चाळत होत्या. मध्येच थांबून त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, पुन्हा वहीकडे पाहिलं, आणि त्यांची घाई अचानक कुठे गेली कोण जाणे.

"आजोबा," त्या हळूच म्हणाल्या, "पाच तारखेला तुम्ही लिहिलंय, शुक्रवार म्हणाली, चूक, शनिवार. पण पाचला शुक्रवारच होता. आणि दहाला त्या बुधवार म्हणाल्या, तेही बरोबर होतं. तुम्ही गुरुवार लिहिलंय."

सोंगाचा कंटाळा आला की बाई कधीमधी खरं उत्तर देऊन टाकत. मिस्त्री चूक म्हणाले की "हो की" म्हणून मोकळ्या होत.

मिस्त्रींनी वही हातात घेतली. एकेका तारखेवर बोट ठेवून कॅलेंडरशी ताडून पाहिली. घाई केली नाही. बाहेर लिफ्ट कण्हत एक मजला वर गेली. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"तुला बोर्डावरचे चारशे नंबर पाठ होते."

"चारशे बारा," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

मिस्त्री हसले. आधी थोडं, मग खांदे हलेपर्यंत, आणि मग डोळे पुसायला त्यांनी रुमाल काढला तो बराच वेळ खाली घेतला नाही. बाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"चार दिवस बोलणार नाहीत ना आता?" त्यांनी विचारलं.

"बोलेन की. माझ्या लक्षात कुठे राहणार आहे?"

त्यांनी मेट्रनबाईंकडून अर्ज मागून घेतला. स्वतःच्या नावापुढची खूण खोडून दुसऱ्या श्रेणीवर केली. बाईंच्या नावापुढे पहिलीवर केली. "दोष ज्या लिफ्टचा, त्याच लिफ्टच्या कार्डावर लिहायचा," ते म्हणाले.

आता पैशांचं काय, हा प्रश्न तिघांच्याही चेहऱ्यावर होता. बाईंनीच तो सोडवला. लिफ्टजवळच्या खोलीचं भाडं निम्मं म्हणजे नक्की किती, असं त्यांनी विचारलं, आणि मेट्रनबाईंनी कॅल्क्युलेटर शोधेपर्यंत त्यांचा तोंडी हिशेब झालासुद्धा. गॅलरी गेली होती, पण नव्वदी जवळजवळ परत आली होती. दोन वर्षं कमी पडत होती. मिस्त्री म्हणाले, मला एक तेलाचा डबा मिळू द्या, आठवड्यात आवाज बंद करतो. मेट्रनबाई म्हणाल्या, मग भाडं वाढवावं लागेल. तर डबा नको, असं बाईंनी तिथल्या तिथे सांगून टाकलं.

मिस्त्रींनी सही करायला पेन टेकवलं आणि ते तारखेच्या जागी थांबलं. सकाळपासून दोनदा घडाघडा म्हटलेली तारीख आता येईना. कॅलेंडर समोरच होतं, पण त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

"तारीख काय गं आज?"

"तेवीस," बाई म्हणाल्या. नवऱ्याला उत्तर देताना महिन्याभरात पहिल्यांदाच, छताकडे न बघता.

त्यांनी तेवीस लिहिलं, खाली सही केली आणि पेन बाईंच्या हातात दिलं.