पाण्यासारखी अक्षरं

पोहण्याच्या तलावाची वेबसाइट मावशीने सलग तिसऱ्यांदा घडाघडा वाचून दाखवली आणि भाचीला आकाश ठेंगणं झालं. वेबसाइट तिनेच बनवली होती. बारीक, फिकट निळी अक्षरं, पाण्यासारखी दिसावीत म्हणून. ऑफिसातले सगळे म्हणत होते, वयस्कांना ती दिसायची नाहीत. आता बोला म्हणावं.

मावशीला त्याच वेबसाइटवरून नवशिक्यांच्या वर्गात नाव घालायचं होतं, तेही स्वतःच्या हाताने. इथे दाब, तिथे दाब असं शिकवणारी माणसं तिच्या डोक्यात जात.

दुपारी तलावावरून निरोप आला: गुरुवारचा वर्ग सकाळऐवजी संध्याकाळी. भाचीने तेवढा शब्द बदलला आणि हौसेने मावशीचा फोन पुन्हा तिच्यापुढे धरला.

"गुरुवार, सकाळी सात," मावशी खणखणीत आवाजात म्हणाली.

भाचीचा चेहरा खर्रकन उतरला. मग डोक्यात प्रकाश पडला. मावशीची हयात नाटकाच्या विंगेत गेली होती, नट अडला की पुढचं वाक्य पुरवण्यात. एकदा कानावर पडलं की तिचं पाठ. आणि पहिल्या दिवशी सगळं पान तिला मोठ्याने वाचून दाखवणारी शहाणी कोण, तर हीच.

"म्हणजे तुला काही दिसतच नव्हतं?"

"निळं निळं दिसायचं काहीतरी. तू इतकी नाचत होतीस, म्हटलं कशाला विरजण घालू."

"मग नाव कसं घालणार होतीस?"

"नसतं घातलं," मावशी हळूच म्हणाली.

भाचीला भरून आलं, आणि त्याच दमात हसूही फुटलं. तिने बाह्या सरसावल्या. अक्षरं काळीभोर झाली, जरा जाड झाली. ओळी आखूड झाल्या, त्यांच्यामध्ये मोकळी जागा आली. पान नीटनेटकं दिसावं म्हणून तिने अक्षरांचा आकार बांधून टाकला होता, तोही सोडवला. मावशीने फोनमध्ये अक्षर मोठं करून ठेवलं होतं, ते आता इथेही मोठं झालं. मग तिने मावशीने कधीच न ऐकलेले नियम पानावर टाकले आणि स्वतःचं तोंड घट्ट मिटून घेतलं.

"पा... पाण्यात उतरण्या... उतरण्यापूर्वी," मावशी वाचू लागली. "आंघोळ... नाही, अंग. अंग ओलं करावं."

जन्मात कधी न अडखळलेली बाई शब्दाशब्दाला ठेचकाळत होती, आणि भाची खुर्चीत उड्या मारत होती.

"हसतेस काय? पुढे वाचू की नको?"

"वाच गं. अशीच चुकत चुकत वाच."

मावशीने नियम संपवले, नावनोंदणीच्या पानावर आली आणि मान वर करून म्हणाली, "तू जरा बाहेर जाऊन बस."