कोमट

भट्टीतून पावाचे ट्रे निघायची वेळ झाली की गल्लीतली माणसं दुकानासमोर रेंगाळायची. पावासाठी तर यायचीच, पण त्याहून जास्त काकूंचा हात बघायला. काकू फडकं घ्यायच्या नाहीत. भट्टीचं दार उघडायचं, उजवा हात सरळ आत घालायचा आणि तापलेला ट्रे कडेला धरून ओढायचा, तोही शेजारणीशी बोलता बोलता. म्हणून गल्लीने त्यांना पोलादकाकू नाव दिलं होतं. नवी गिऱ्हाइकं "अगं बाई!" करून ओठांवर हात ठेवायची, आणि मग काकूंना आणखी दोन ट्रे काढायचा जोर यायचा.

सुनेलाही लग्नानंतर या हाताचं कौतुक होतं. मनगटापर्यंत जुन्या चट्ट्यांनी भरलेला, जाड चामडीचा हात. या हाताने धंदा उभा केला, असं नवरा सांगायचा, आणि खोटं नव्हतं ते.

कौतुक आटलं ते बाळी झाल्यावर.

बाळीची अंघोळ काकूंचीच. दोन्ही पाय लांब करून त्या बाथरूममध्ये बसायच्या, बाळीला पायांवर पालथी घालायच्या, आणि बादलीत हात बुडवून म्हणायच्या, "हां, कोमट." एकदा त्या कोमट पाण्याचा तांब्या पाठीवर पडला आणि बाळी अशी किंचाळली की सून हातातली कणीक टाकून धावली. तिने बादलीत बोटं घातली आणि तशीच बाहेर काढली. बाळीच्या पाठीवर लालभडक पट्टा उठला होता, आणि ओठ रडून रडून निळसर झाले होते.

"आई, पाणी कढत आहे हो!"

"कढत? मी हात घालून बघितलं ना. तूच मागून गरम ओतलं असशील."

"मी स्वयंपाकघरात होते."

"मग पोरच नाजूक. आईवर गेलीये."

सून रात्रभर बाळीच्या पाठीवर फुंकर घालत राहिली आणि त्या "हात घालून बघितलं"चा विचार करत राहिली. ट्रे पकडणारा हात. चटका न लागणारा हात. पोलाद वगैरे सगळं ठीक, पण पोलादाला पाण्याचं काय कळणार?

आता भट्टीमामांचं सांगायला हवं. मामा म्हणजे भट्टी सांभाळणारे कारागीर. सून या घरात यायच्या कितीतरी आधीपासून पीठ मळणं आणि भट्टी लावणं त्यांच्याकडे होतं. मागे दवाखान्यातली ताई घरोघर फिरून अंगावरचे चट्टे तपासत होती. तिला मामांच्या पाठीवर एक फिकट चट्टा दिसला, आणि तिथे टोचलेलं त्यांना कळत नव्हतं. कुष्ठरोग. औषध सुरू झालं. ताईने कुणालाही सांगितलं नव्हतं. मामांनीच प्रामाणिकपणे येऊन काकूंना सांगितलं, आणि काकूंच्या तोंडाचा पट्टा सुटला. मामांचा एप्रन भर रस्त्यात जाळला. पीठ मळायची परात फेकून दिली. "माझ्या दुकानात घाण नको!" हे एवढ्या मोठ्याने, की गल्लीच्या टोकाला कपडे शिवणारी शिंपीणबाई मशीन थांबवून बाहेर आली. मामांनी चप्पल घातली आणि ते गेले.

काकूंना वाटलं, धंदा वाचवला. पण झालं उलटंच. त्या इतक्या ओरडल्या नसत्या तर कुणाला कळलंही नसतं. आता गिऱ्हाइकं पाव घेताना हळूच विचारायची, "मग तुम्ही सगळे इतकी वर्षं त्यांच्याबरोबर... तुमचं तपासलं का?" शिंपीणबाईने तर पाव परत आणून ठेवला. काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला.

ताई यायची ती नेमकी याच कामाला. मामांबरोबर राहणाऱ्या, काम करणाऱ्या सगळ्यांना तपासायचं होतं. काकू तिला दारातून हाकलायच्या. "हिंडफिरी कुठली! माझ्या घरात रोग शोधतेय!" ताई बारीक चणीची, उन्हाने रापलेली, आणि चिवट. शिव्या खाऊन जायची आणि पुढच्या आठवड्यात बॅग खांद्याला अडकवून पुन्हा हजर. येताना आजूबाजूच्या चार घरांतही जायची, म्हणजे ती नक्की कुणासाठी आली हे कुणाला कळू नये. पोलादकाकूंनी त्याचाही निकाल लावला होता. ती गल्लीत शिरली की काकू दुकानातून ओरडायच्या, "आली बघा आमची पाहुणी!"

त्या दिवशी मात्र काकूंनी स्वतःच तिला हाक मारली. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, शिंपीणबाई होती.

"ये गं. कर तपासणी. इथेच, काउंटरवर. सगळ्यांना बघू दे."

"काकू, आत बसू या," ताई म्हणाली. "हे असं चारचौघांत..."

"आत कशाला? मी काय चोरी केलीये?"

ताईने आधी नवऱ्याला तपासलं, तो तयारच होता. हात काउंटरवर, डोळे मिटलेले. ती बॉलपेनाचं टोक हळूच टेकवायची आणि त्याने टेकलेली जागा बोटाने दाखवायची. अंगठा, पहिलं बोट, मधलं, अनामिका, करंगळी, मग तळहात, मग मनगट. खरं तर ताईने मधून मधून क्रम मोडायला हवा होता, आणि टेकवताना बोलायला नको होतं. पण काकू डोक्यावर उभ्या, गिऱ्हाइकं माना लांब करून बघताहेत, कुणीतरी फिदीफिदी हसतंय. तिला ते एकदाचं उरकायचं होतं. दर वेळी ती टेकवायची आणि विचारायची, "आता?" दर वेळी त्याच क्रमाने. सुनेला तपासलं तेव्हाही तसंच.

सून काउंटरच्या आतल्या बाजूला उभी होती, बाळी कडेवर. नवऱ्याच्या पाळीलाच तिने बघितलं होतं, काकू पेनाकडे टक लावून होत्या आणि पाठांतर करावं तसे ओठ हलत होते.

"आता माझी पाळी," काकू म्हणाल्या आणि हात असा आपटला की बरण्या हलल्या. डोळे गच्च मिटले.

"आता?"

"अंगठा!"

"आता?"

"पहिलं बोट! अगं, लवकर कर, माझी भट्टी थंड होतेय."

गिऱ्हाइकं हसली. "आता?" म्हणताना ताईचं पेन अजून मधल्या बोटाच्या वरच होतं, टेकलंही नव्हतं, आणि काकूंनी मधलं बोट दाखवून टाकलं.

सुनेला ते दिसलं. ताईच्या लक्षात आलं नाही. तिचं अर्धं लक्ष गिऱ्हाइकांकडे होतं. करंगळी झाली, तळहात झाला. काकू एक एक उत्तर देत होत्या, दरबारात उभ्या असल्यासारख्या. आता मनगट झालं की संपलं. काकू पास. उद्या सकाळी बादलीत हात बुडवून म्हणणार, "हां, कोमट."

सून एवढ्याशा वेळात काय काय विचार करून मोकळी झाली. बोलले तर हे घर माझं उरणार नाही. नवरा तोंड बघणार नाही. गल्लीसमोर सासूचा असा पाणउतारा करणारी सून कुणाला हवी? आणि नाही बोलले तर? तिने बाळीच्या झबल्यात हात घालून पाठ चाचपली. पट्टा अजून खरखरीत होता.

तिने पुढे होऊन ताईचं मनगट धरलं आणि पेन हवेत थांबवलं. ताईने चमकून वर बघितलं. सुनेने डोळ्यांनीच काकूंच्या मिटलेल्या डोळ्यांकडे दाखवलं आणि मान हलवली. टेकवू नका. नुसतं विचारा.

ताईला समजायला एक श्वास लागला. मग तिने विचारलं, "आता?"

"मनगट!" काकूंनी ठणकावून सांगितलं, आणि डाव्या हाताने नेमकी जागा दाखवली.

कुणी हसलं नाही. पेन वीतभर वर होतं, आणि दुकानातल्या प्रत्येकाला ते दिसत होतं.

काकूंनी डोळे उघडले. आधी पेन दिसलं. मग ताईच्या मनगटावरचा सुनेचा हात दिसला.

"काकू," ताई हळू आवाजात म्हणाली, "आपण डॉक्टरांना दाखवू. औषध आहे यावर. गोळ्या सुरू झाल्या की तुमच्यापासून कुणाला धोका राहत नाही. घाबरायचं..."

"म्हणजे मामांना यांच्याकडूनच?" शिंपीणबाई मागून बोलली.

"कोणाला कोणाकडून हे कुणीच सांगू शकत नाही," ताई आता तिच्यावर कडाडली. "आणि तुम्हाला काय करायचंय? पाव घ्या नाहीतर निघा!"

शिंपीणबाई निघाली. बाकीचेही निघाले. पाव कुणीच घेतला नाही.

काकू सुनेजवळ आल्या. एवढ्या जवळ, की बाळीने सवयीने त्यांच्याकडे हात पसरले. "साप पाळला मी घरात," त्या म्हणाल्या. "आणि त्याला माझ्या हाताने जेवू घातलं." बाळीला घेतलं मात्र नाही.

त्या दिवसानंतर घराची जी अवस्था झाली ती शत्रूच्याही वाट्याला येऊ नये. नवरा म्हणाला, "आईची अब्रू चव्हाट्यावर काढलीस."

"घरात सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं?"

ऐकलं नसतं हे त्यालाही माहीत होतं, म्हणून तो जास्तच चिडला.

दवाखान्यात काकू एकट्या गेल्या, कुणालाही बरोबर येऊ दिलं नाही. आल्या त्या गोळ्यांचं पाकीट टेबलावर आपटून म्हणाल्या, "लघवी लाल होणार म्हणे पहिल्या दिवशी. आधीच सांगून ठेवते. नाहीतर त्याचीही दवंडी पिटशील." ताईने हात पाण्यात भिजवून तेल लावायला सांगितलं होतं, रोज नीट बघायला सांगितलं होतं, कुठे भाजलं, कुठे कापलं. गेलेली जाणीव सगळी परत येईलच असं नाही, पण आहेत ती बोटं राखता येतील. काकू हात भिजवत बसायच्या आणि भिंतीशी बोलायच्या. भिंत म्हणजे सून.

ट्रे आता नवरा काढायचा, जाड मोजे घालून. निम्मा पाव करपायचा. शेवटी काकूच म्हणाल्या, "मामाला बोलाव." माफी वगैरे नाही, नुसतं बोलाव. नवरा गेला आणि निरोप घेऊन परत आला. मामा म्हणाले होते, "माझा एप्रन जाळला ना? त्या राखेकडून मळून घ्या पीठ."

त्या दिवशी काकू जेवल्या नाहीत.

आणि अंघोळ? अंघोळ आता सून घालायची. हातात बाळी निसटायची, साबण डोळ्यांत जायचा, बाळी पाय झाडत आकांत करायची. काकू दाराबाहेर खुर्ची टाकून बसायच्या आणि आतला प्रत्येक आवाज ऐकून ओरडायच्या. "मान धर! मान! भांडं घासतेस का? कानात पाणी जाईल, आडवी धर!"

"तुम्ही आत येऊ नका," सून आतून म्हणायची.

"कोण येतंय!"

ताई एकदा बाळीला तपासायला आली तेव्हा तिने हे सगळं बघितलं. "आजीला का नाही घेऊ देत?" तिने सुनेला विचारलं. "गोळ्या चालू आहेत. खुशाल घेऊ दे, न्हाऊ घालू दे. फक्त पाणी त्यांनी हाताने ठरवायचं नाही, एवढंच."

"हो," सून म्हणाली. पण घेऊ दिलं नाही. आपल्याला पाण्याची भीती आहे असं ती स्वतःला सांगायची. खरं म्हणजे आता भीती त्या हाताची होती, आणि ती ताईच्या सांगण्याने जात नव्हती. मामांचा एप्रन जाळताना काकूंनाही हीच भीती वाटली असणार. हे सुचलं तेव्हा सुनेला स्वतःचाच राग आला, आणि तो राग तिने काकूंवरच काढला. त्या दिवशी त्यांच्या ताटात भाजी आपटून वाढली.

मग एक सकाळ अशी आली की बाळी काही केल्या थांबेना. साबणाने बुळबुळीत, लालबुंद, श्वास अडकेपर्यंत रडत होती. सुनेच्या डोळ्यांनाही धारा लागल्या होत्या. बाहेरून शिव्या येत होत्या. "पालथी घाल! माझ्यासारखी पाय लांब करून बस! तुला पाय आहेत की नाहीत?"

सुनेने दार उघडलं.

"या," ती म्हणाली. "बसा. घाला. सगळं तुम्हालाच येतं ना?"

काकू जागच्या हलल्या नाहीत. उजवा हात त्यांनी कपड्यांत लपवला होता, हे सुनेला पहिल्यांदाच दिसलं. रोज तिथे बसून त्या तो असाच लपवत असणार.

"तुला चालेल?" त्यांनी विचारलं. आवाज तोच, भांडणाचा, पण प्रश्न भांडणाचा नव्हता.

"चालायचं काय त्यात? पोर रडतेय माझी."

काकू आत आल्या. पाय लांब केले. बाळीला पायांवर पालथी घातली, तो मोठा चट्टेदार हात तिच्या मानेखाली गेला आणि सुनेच्या अंगावर काटा आला. पण तिने बाळीला ओढून घेतलं नाही. बाळीचा आवाज हळूहळू खाली आला, मग नुसते हुंदके राहिले.

काकूंचा हात सवयीने बादलीकडे गेला आणि पाण्याच्या वरच थांबला.

"बघ की," त्या खेकसल्या. "उभी काय राहिलीस पुतळ्यासारखी?"

सुनेने बाही वर सारून बादलीत कोपर बुडवलं. "कोमट आहे."

"तुझ्या कोपराचा काय भरवसा? स्वयंपाकात मीठ कधी बरोबर पडत नाही तुझं." काकूंनी तांब्या उचलला, आणि पुन्हा खाली ठेवला. "परत बघ."

सुनेने परत बघितलं. "कोमट."

"माझ्यासमोर ओत. आधी तुझ्या हातावर."

सुनेने स्वतःच्या मनगटावर पाणी ओतलं. काकू पाण्याकडे नाही, तिच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, डोळे बारीक करून, एखादी सुरकुती तरी हलते का म्हणून. काहीच हललं नाही. तेव्हा कुठे त्यांनी तांब्या बाळीच्या पाठीवर रिता केला.

"उद्यापासून लवकर उठ," त्या म्हणाल्या. "हिला आणि तुला, दोघींना शिकवायला वेळ लागतो."